आबा असतीलच की मोकळे

कोल्हापुरात वाटेत कुणालाही गाठून "काय चाललंय?" असं विचारलं की उत्तर येतं, "निवांत." ज्याच्या दुकानात दहा गिऱ्हाइकं खोळंबली आहेत तो निवांत असतो, ज्याच्या मुलीचं लग्न परवावर येऊन ठेपलंय तोही निवांत असतो. दवाखान्याच्या दारात सलाईनची बाटली उंच धरून उभा असलेला माणूससुद्धा आधी "निवांत" म्हणतो आणि मग हळूच मेव्हण्याला काय झालंय ते सांगतो. हे नुसतं बोलायचं असतं. पण हजारात एखादा असा निघतो की त्याच्या तोंडून तो शब्द आला की अक्षरन् अक्षर खरा असतो. आमच्या पेठेत तो मान आबांचा.

असा एक जण प्रत्येक पेठेत असतो. कुठं त्याला अण्णा म्हणतात, कुठं तात्या, कुठं नाना. आमचे आबा आता सत्तरीच्या पुढे आहेत, पण मला आठवतंय तेव्हापासून ते असेच दिसतात: पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, पायात चालताना कर्रकर्र वाजणारं कापशी पायताण, वरच्या खिशात चष्म्याचं घर आणि एक पेन. ते पेन स्वतःच्या कामाला कधी लागलेलं नाही. बँकेत, तहसीलदार कचेरीत, रेशनच्या दुकानात "जरा पेन बघू" म्हणणाऱ्या लोकांसाठी ते असतं. पायताणाचा आवाज गल्लीच्या टोकाला आला की निम्मी गल्ली खूश होते आणि निम्मी दार लोटून घेते. कोण कोणत्या निम्म्यात, ते रोज बदलतं.

पूर्वी ते काय करत होते, याबद्दल एकमत नाही. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत पोरवयात आपण मावळा म्हणून उभे राहिलो होतो, असं ते स्वतः सांगतात. भाला हातात घेऊन सकाळी आठला उभं राहायचं आणि संध्याकाळी पाचला कुणीतरी "आज नाही" म्हणून सांगायचं. "शूटिंग म्हंजे काय, निस्तं बसणं," असं ते म्हणतात, आणि बसण्याचं शिक्षण आपल्याला तिथं मिळालं हे सूचित करतात. सध्याचा चरितार्थ म्हणजे वडिलांनी बांधलेल्या घराच्या तळमजल्यावरचे दोन गाळे. एकात झेरॉक्स, एकात गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा. भाडं वाढवायचा विषय मुलाने काढला की आबा म्हणतात, "बघू की. गडबड काय हाय?"

आबांना कोणत्या शब्दाने ओळखायचं, हे त्यावेळी आपलं त्यांच्याशी काय काम आहे यावर ठरतं. सकाळी ऑफिसला जायच्या घाईत ते आडवे आले तर ते रिकामटेकडे. दुपारी घरी गॅसचं सिलिंडर यायचं असेल आणि आपण बाहेर असू तर "आबा असतीलच की मोकळे." पाव्हण्यांना ज्योतिबाला न्यायचं असेल तर "आबांना सवड असते." रात्री मुलगा अभ्यास सोडून गॅलरीत रेंगाळला तर "त्या आबांसारखा बेकार फिरणार आहेस काय पुढं?" ही चारही वाक्यं एकाच घरातून, एकाच दिवशी, एकाच बाईच्या तोंडून मी ऐकली आहेत. संध्याकाळी तिनेच आबांना वाटीभर खीर पाठवली होती.

आणि हे काही आबांपुरतंच नाही. हाताला काम नसण्याचे शब्दसुद्धा आपण ऐपत बघून वाटतो. मोठा साहेब घरी बसला की सेवानिवृत्त. पुढाऱ्याचा मुलगा घरी बसला की समाजकार्यात. पदवी घेतलेला पोरगा घरी बसला की स्पर्धा परीक्षेची तयारी. कारखाना बंद पडून फिटर घरी बसला की मात्र सरळ बेकार. आबांनी असा कुठलाच शब्द मागून घेतला नाही. आपण कोण, हे त्यांनी एकदाच ठरवलं आणि एकाच शब्दात ठरवलं.

निवांत म्हटलं म्हणून कुणी त्यांना ढिलं समजू नये. त्यांच्याइतका घड्याळाला बांधलेला माणूस आमच्या पेठेत दुसरा नाही. सकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीच्या धारा चालू असताना ते ग्लास घेऊन उभे असतात. मग केशकर्तनालयात 'पुढारी'. पेपर ते मागून वाचतात. आधी निधनवार्ता, कारण त्यावर दिवसाची आखणी असते. रक्षाविसर्जन कुणाचं, कधी, आपल्या ओळखीत बसतं का, नसेल तर ओळखीच्या ओळखीत बसतं का. मग ऊसदर. मग फुटबॉल. राजकारण शेवटी, तेही न्हाव्याने विषय काढला तरच. त्यानंतर ते "चला, उशीर झाला" असं म्हणून झपाझप निघतात. कशाला उशीर झाला हे विचारायचं धाडस एका नव्या कारागिराने केलं होतं. आबा म्हणाले, "कट्ट्यावर माणसं बसल्यात न्हवं?"

कट्टा म्हणजे तालमीसमोरचा सिमेंटचा चौथरा. तिथं आबांची जागा ठरलेली आहे, उत्तरेकडचा कोपरा, जिथून तीन रस्ते दिसतात. जाणाऱ्या प्रत्येकाला ते विचारतात, "उन्हाचं कुठं निघालासा?" पावसात हाच प्रश्न "पावसाचं कुठं" असा होतो आणि थंडीत "एवढ्या गारठ्याचं." एकूण बाहेर पडण्याजोगी हवा वर्षात कधी नसते, असं त्यांचं मत दिसतं.

गडबडीत असलेल्या माणसाचं त्यांना मनापासून वाईट वाटतं, आणि तिथंच घोटाळा होतो. कारण वाईट वाटलं की ते चौकशी करतात. आमच्या शेजारचे प्राध्यापक एकदा तोंडातून "आबा, आज फार गडबडीत आहे" असं बोलून गेले.

"कसली गडबड?"

"बँकेत जायचंय."

"मग?"

"मग लाईट बिल भरायचंय."

"ते मोबाईलवरनं भरतासा न्हवं? मागल्या टायमाला सांगितलासा."

"हो, म्हणजे ते घरूनच. मग पेपर तपासायचेत."

"किती?"

"तसे... परवा द्यायचेत."

"मग आज काय?"

प्राध्यापक गप्प. आबांनी बोटांवर हिशेब मांडला. "म्हंजे बँक तेवढी हाय. ती साडेदाला उघडती. आत्ता नऊ वाजल्यात. बसा की." प्राध्यापक बसले. साडेदहाला ते बँकेत गेले, पण त्यांची बायको सांगते की त्या दिवसापासून हा माणूस मनातून खचला. आपण दिवसभर कामात बुडालेले असतो हा त्यांचा चाळीस वर्षांचा समज आबांनी पाच प्रश्नांत रिकामा करून दिला होता. आता ते मागच्या गल्लीने जातात.

मीही पुष्कळदा मागच्या गल्लीने जातो. कारण आबांना "येतो" हा शब्द निरोपाचा वाटत नाही. "येतो हं आबा" म्हटलं की ते "या की" म्हणतात आणि नवीन विषय काढतात. फोनवर तर सुटकाच नाही. "काय करालायस?" आपण गाफीलपणे "काही नाही" म्हणून जातो. "मग येतो," असं म्हणून फोन बंद. दारात कापशी वाजते. रविवारी दुपारी दोन वाजता, नुकतं तांबडा-पांढरा हाणून माणूस आडवा झालेला असताना, आबा पायथ्याशी खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "झोपा, झोपा. मी हाय बसलेला." त्यांच्या देखरेखीखाली झोप लागणं शक्य नसतं.

घरी नळवाला आला, वायरमन आला, रंगारी आला की त्याच्या पाठीमागे आबा उभे राहतात. हात लावत नाहीत. फक्त तो पाना उचलायच्या आधी म्हणतात, "पाना घेतलास? बरं." जेसीबी दिसला की मग तर त्यांचं भान सुटतं. गल्लीत ड्रेनेजसाठी चर खणत होते तेव्हा आबा सकाळी डबा घेऊनच गेले होते. चालक जेवायला उतरला तर हे त्याच्याबरोबर जेवले. काळम्मावाडीहून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनचं काम वर्षानुवर्षं चाललं, तेव्हा शहरातल्या लोकांनी त्याच्या नुसत्या बातम्या वाचल्या. आबा पुईखडीपर्यंत जाऊन पाइपाच्या आत वाकून बघून आले. "माणूस उभा ऱ्हातोय आत," ही बातमी कट्ट्याला पेपरच्या आधी मिळाली.

पावसाळ्यात मात्र त्यांचा भाव एकदम वधारतो. पंचगंगा पात्राबाहेर पडली की इतर लोक घरात बसतात आणि आबा कामाला लागतात. राजाराम बंधाऱ्याची पातळी त्यांना तासातासाला पाठ असते. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे म्हणजे जणू त्यांच्या घरची माणसं. "तीन नंबर उघडला. एका दरवाजातनं 1428 क्युसेक. ते पाणी इथं यायला वेळ लागतोय, जेवून घ्या," असं ते सांगतात. शिवाजी पुलावर छत्री घेऊन उभे राहतात आणि घाटाच्या पायऱ्यांवर कुठल्या पायरीला पाणी लागलं याच्या खुणा मनात ठेवतात. एरवी कुणी त्यांचं ऐकत नाही, पण 2019 च्या ऑगस्टमध्ये आबा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत सकाळीच जाऊन सांगत सुटले होते, "मूर्त्या वर घ्या, औंदा पाणी ऱ्हात न्हाई." काहींनी हसण्यावारी नेलं. ज्यांनी ऐकलं त्यांच्या गणपतींना दुसऱ्या मजल्यावर पोचवायला आबांचेच हात लागले. अर्धवट रंगवलेला, अजून डोळे न उघडलेला गणपती छातीशी धरून जिना चढणाऱ्या आबांना पाहून एक पोरगं म्हणालं, "आबा कामाला लागलेत!" आबा दचकून म्हणाले, "गप बस की लेका."

कामाला लागलेत हा आरोप त्यांना सहन होत नाही. त्यामागे इतिहास आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांच्या मेव्हण्याने त्यांना एका पतसंस्थेत पिग्मी एजंट म्हणून चिकटवून दिलं होतं. पिग्मी म्हणजे रोज दुकानोदुकानी फिरायचं, पन्नास-शंभर रुपये गोळा करायचे, पुस्तकात मांडायचे, पुढच्या दुकानात जायचं. चपळ एजंट संध्याकाळपर्यंत शंभर दुकानं करतो. आबांनी पहिल्या दिवशी दोन केली. पहिल्या दुकानात चहा झाला, दुसऱ्यात जेवण. पुस्तक बघून पतसंस्थेच्या मॅनेजरने विचारलं, "बाकीची दुकानं?" आबा म्हणाले, "हायत की. कुठं जात्यात?"

त्यांच्या वाटणीच्या रस्त्यावर भांड्यांचं एक दुकान होतं. दोन भाऊ, मधे भिंत घालायची भाषा चाललेली. आबा रोज जाऊन बसायचे. आधी थोरल्याकडे तासभर, मग धाकट्याकडे तासभर, मग पुन्हा थोरल्याकडे, कारण धाकट्याने सांगितलेलं सांगायला हवं. महिनाभरात भावाभावांत समेट झाला, भिंत रद्द झाली. दोघांनी आनंदाने पिग्मीतले सगळे पैसे काढले आणि दुकानाला रंग दिला. पतसंस्थेने त्याच आठवड्यात आबांना मोकळं केलं. आबा आजही सांगतात, "जमत हुतं मला. पण त्यांनाच गडबड हुती."

ह्यावर काकींचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, म्हणणं विचारलं तर त्या भाकरी थापता थापता म्हणतात, "ह्यास्नी रिकामं म्हणू नका वो. रिकामा डबा तरी कशाला लागतो." पण दुसऱ्या कुणी नवऱ्याला बोललं तर त्याला त्या उंबऱ्यातून परत पाठवतात. हा अधिकार त्यांनी कुणाला दिलेला नाही.

2011 च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या बाई आल्या होत्या. शाळेतल्या शिक्षिका, खांद्याला पिशवी, पिशवीत घडी न घालता जपायचे मोठे मोठे कागद. त्या वेळी मी नेमका आबांच्या सोप्यात अडकलेला होतो, म्हणून हे सगळं समोर घडलं.

"मागच्या वर्षभरात काही काम केलंत?" बाईंनी विचारलं.

"आपलं का दुसऱ्याचं?" आबांनी विचारलं.

"पैसे मिळतील असं."

"तसलं न्हाई."

मग बाईंनी काम न करणाऱ्यांचा रकाना काढला. सरकारने तिथंही माणसाला नुसतं सोडलेलं नसतं. काम करत नाही, तर मग काय करतो, याचे क्रमांक आहेत. बाई एकेक वाचू लागल्या.

"विद्यार्थी?"

"न्हाई."

"घरकाम?"

आतून काकींचं हसणं ऐकू आलं.

"कुणावर अवलंबून?"

आबांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि "पुढचं वाचा" म्हणाले.

"निवृत्तिवेतन?"

"न्हाई."

"घरभाडं, व्याज यावर चरितार्थ?"

इथं आबा अडले. "येतं की भाडं. पण ते वडलांचं हाय, मी निस्तं घेतो. भाडं खातो म्हणून सरकारदरबारी नोंद बरी दिसत न्हाई." बाईंनी एक क्रमांक गाळून "इतर?" असं विचारलं. आबांचं लक्ष कागदावर. अक्षरं उलटी असली तरी केशकर्तनालयात दुसऱ्याच्या हातातला पेपर वाचून त्यांची नजर तयार झालेली. "मधलं सहावं का वाचला न्हाईसा?" बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. सहावा क्रमांक भिकाऱ्याचा होता. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "सात बरं हाय. इतर. इतर लिवा." बाईंनी अखेरीस काय लिहिलं ते सरकारला ठाऊक. पण त्यानंतर कितीतरी महिने आबा स्वतःची ओळख "आम्ही इतर" अशी करून देत होते.

मग बाईंनी विचारलं, "आणि काकू काय करतात?"

"ती घरीच असती," आबा म्हणाले. बाईंनी तिथं दोन क्रमांक घातला. घरकाम. म्हणजे हिशेबाने त्यासुद्धा काम न करणाऱ्यांतच, नवऱ्याच्याच रकान्यात, फक्त आकडा वेगळा. त्या वेळी काकींनी पाचला उठून दोन वेळचं पाणी भरलं होतं, सासूला आंघोळ घातली होती, धुणं वाळत टाकलं होतं, आणि वर्षाच्या कांदा-लसूण चटणीसाठी आणलेल्या मिरच्यांची देठं काढत त्या बसल्या होत्या. ती चटणी त्या सहा घरांना पुरवतात, फुकट. फुकट असल्यामुळे तीही कामात धरत नाहीत. बाईंना चहा द्यायला त्या बाहेर आल्या. तिखटाचा हात पदराला पुसत म्हणाल्या, "लिवा, लिवा. कायबी करत न्हाई म्हणून लिवा. पाचला उठतो मी, कायबी न करायला. खाली च्या कुणी केला तेवढं लिवायला जागा हाय काय बघा." बाईंनी कागदाकडे बघितलं, चहाकडे बघितलं, आणि चहा घेतला. त्यांना अजून बरीच घरं करायची होती. आबा त्यांना म्हणाले, "बसा की, गडबड काय हाय?" त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

पण आबांवर रागावून फार दिवस काढता येत नाहीत, कारण आपलं त्यांच्यावाचून अडतं. सीपीआर दवाखान्यात कुणी दाखल असलं की रात्री पेशंटजवळ थांबायला आबा. मुलांना उद्या कामावर जायचं असतं, सुनांना शाळेचे डबे असतात. आबा व्हरांड्यात सतरंजी टाकतात, पहाटेपर्यंत शेजारच्या तीन खाटांची हकिकत काढतात, आणि सकाळी आपल्या पेशंटचा रिपोर्ट आपल्याला तोंडपाठ सांगतात. कुणाच्या घरी माणूस गेलं की पंचगंगेच्या स्मशानात जाऊन पुढचं बघणारे आबा. लग्नात शेवटच्या पंगतीला वाढप्यांबरोबर बसून जेवणारे आबा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा फुटबॉलचा सामना असला की आपल्या पोराला खांद्याशी धरून गर्दीतून सुखरूप आणणारे आबाच. आपण सगळे त्या वेळी कुठं असतो? आपण कामात असतो. निदान तसं सांगतो.

एकदा कुणीतरी त्यांना बोलून दाखवलं, "आबा, लोक तुमचा वापर करून घेतात." आबांना यात तक्रारीचं काय ते कळलंच नाही. "मग घेऊ देत की. मी कुठं वापरालोय मला?"

या माणसाला बिचकवणारी एकच गोष्ट गेल्या वर्षी घडली. त्यांचा नातू पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो एकाएकी लॅपटॉप घेऊन घरी आला. चेहरा उतरलेला, जेवणात लक्ष नाही. काकींनी दृष्ट काढली. सुनेने विचारलं, मुलाने विचारलं, पोरगा बोलेना. शेवटी आबांनी त्याला कट्ट्यावर नेलं. उत्तरेच्या कोपऱ्यात बसवलं, स्वतः शेजारी बसले, आणि पुष्कळ वेळ काहीच विचारलं नाही. हे त्यांना जमतं. मग पोरगं आपणहून म्हणालं, "आबा, मी बेंचवर आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे प्रोजेक्ट संपलं. दुसरं मिळालेलं नाही. तोवर बेंच."

"कंपनीनं काढलं?"

"नाही, नाही. कंपनीतच आहे. फक्त काम नाही."

"पगार?"

"चालू आहे."

आबा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग कट्ट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हंजे कंपनी पगार देऊन बसवती? अरं मर्दा, ह्यो तर कट्टाच की!" आपल्या सगळ्या आयुष्याचं कुणीतरी मोठ्या पगारावर शास्त्र केलं आहे, असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. नातू मात्र रडकुंडीला आला. बेंचवर फार दिवस राहिलं की नारळ मिळतो, हे त्याला समजावून सांगावं लागलं. आबांना ते पटेना. "बसवायचं तुम्हीच, आन बसला म्हणून काढायचं बी तुम्हीच? ही कसली रीत?"

मग त्यांनी नातवाला हाताशी घेतलं. सकाळी दूधकट्टा, मग पेपर, मग रंकाळ्याला फेरी. कुठंतरी जेसीबी लागलाय असं कळलं की तिकडं. पोरगं जायचं, पण हातात फोन. दर दोन मिनिटांनी मेल आली का बघायचं. जेसीबीचा पंजा वर गेला की आबा याच्याकडे बघायचे आणि याची नजर खाली. "असं न्हाई जमायचं तुला," आबा तळमळून म्हणाले. "बसायचं तर नीट बस. अर्धं बसणं लई वाईट. माणूस दमतोय त्यात." तिसऱ्या आठवड्यात पोरगं जरा वळणावर आलं. एका दुपारी तो फोन घरी विसरला आणि हे त्याच्या लक्षात आलं नाही. पंगतीत, कट्ट्यावर, सलूनमध्ये आबा सांगत फिरले, "याय लागलाय. हळूहळू याय लागलाय."

आणि त्याच आठवड्यात मेल आली. प्रोजेक्ट मिळालं, सोमवारी पुण्यात हजर. घरात आनंदीआनंद. सुनेने अंबाबाईची ओटी भरली, मुलाने पेढे आणले, काकींनी चटणीचा डबा भरून दिला. आबा कट्ट्यावर होते. पोरगं पेढ्यांचा बॉक्स घेऊन धावत गेलं, पाया पडलं आणि म्हणालं, "आबा, काम मिळालं!"

आबांनी त्याला उठवलं, पाठीवर हात ठेवला आणि सीपीआरच्या व्हरांड्यात नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "असू दे. असतंय एकेकाचं नशीब. जीवाला लावून घेऊ नको." मग बॉक्समधून दोन पेढे उचलले आणि विचारलं, "उन्हाचं कुठं निघालास? गाडी पाचची हाय न्हवं? बस की."